रोज एक पान



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात शिरलं, ते तुमच्यापैकी अनेकींच्या घरात शिरलं होतं. त्या आठवणी पुन्हा काढत नाही. सांगायचंय ते नंतरचं. चिखल काढून झाल्यावर मी देवघराशेजारचं भिंतीतलं कपाट उघडलं. त्यात आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, ग्रंथ असतात. खालचा कप्पा भिजून लगदा झाला होता, वरचे दोन वाचले होते. एकेक पुस्तक गच्चीवर उन्हात उघडून ठेवत होते. वरच्या कप्प्यातलं एक जाड पुस्तक काही केल्या उघडेना. मला वाटलं ओलीनं पानं चिकटली. नीट पाहिलं तेव्हा कळलं की चिकटलेली नाहीत. जुन्या छपाईत मोठा कागद दुमडून शिवत आणि कडा वाचणाऱ्यानं सुरीनं कापून घ्यायच्या असत. त्या कडा कापलेल्याच नव्हत्या. पुस्तक घरात येऊन पन्नासेक वर्षं झाली होती. दर श्रुतपंचमीला ते चौरंगावर येई, अष्टद्रव्यांनी पूजा होई, दोन-चार वर्षांनी नवं वेष्टन मिळे. पण वाचलं कुणीच नव्हतं.

आत्याबाईंना नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या. आयुष्यात सूर्य मावळल्यावर घास घेतलेला मी पाहिलेला नाही. पाण्याचं गाळणं त्या स्वतः धुतात, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. अष्टमी-चतुर्दशी कधी चुकत नाही. मी त्यांची सून, एम.ए. झालेली, पण मीही ते पुस्तक वीस वर्षं नुसतं पुसून ठेवत आले होते. लाज वाटायचीच तर ती मला वाटली.

त्याच सुमारास माझ्या एका जुन्या मैत्रिणीशी पुन्हा बोलणं सुरू झालं. पुण्यात शिकताना आम्ही एका खोलीत राहायचो. ती अलिबागकडची, बेने इस्राएल. आडनाव आपल्यासारखंच गावावरून आलेलं, शेवटी ‘कर’. आता ती इस्राएलात असते. मराठी अजून तिची अस्सल कोकणी आहे, माझी पुसट झाली. जानेवारी २०२० मध्ये तिनं सांगितलं की ती आता रोज एक पान वाचते. मी म्हटलं, ‘कसलं?’ म्हणाली, ‘तालमूदचं. साडेसात वर्षं लागतील. जून २०२७ ला संपेल.’ मला आधी हसूच आलं. साडेसात वर्षांचा बेत तोही तारखेसकट! आपल्याला पुढच्या महिन्याचा सत्यनारायण, चुकले, विधान कुठल्या रविवारी घ्यायचं ते ठरवता येत नाही.

या वाचनाची हकिगत मी तिच्याकडून आणि नंतर वाचून समजून घेतली, ती थोडी सविस्तर सांगते.

यहुदी लोकांचा मूळ धर्मग्रंथ तोरा. त्याशिवाय गुरूकडून शिष्याकडे तोंडी चालत आलेलं ज्ञान वेगळं होतं. रोमन राज्यात हाल झाले, विद्वान मारले गेले, पांगले, आणि हे सगळं विस्मरणात जाईल अशी भीती निर्माण झाली तेव्हा, इसवी सन २०० च्या सुमारास, येहूदा हानासी यांनी ते संकलित केलं. त्यावर पुढची काही शतकं जी चर्चा झाली, तीही जोडली गेली, तो तालमूद. आता तुमच्या डोळ्यांपुढे गिरनारच्या गुहेतले धरसेनाचार्य आले असतील. माझ्या तर लगेच आले. श्रुत लोपत चाललंय हे पाहून त्यांनी दोन मुनींना बोलावून घेतलं, शिकवलं, आणि पुष्पदंत-भूतबलींनी षट्खंडागम लिहून काढला. तो पुरा झाला तो दिवस आपली श्रुतपंचमी. काळही फार दूरचा नाही. दोन वेगळ्या मुलखांत माणसांना जवळपास एकाच वेळी एकच भीती वाटत होती.

पुढची गोष्ट मात्र वेगळी झाली. बॅबिलोनच्या तालमूदची २७११ पानं. एक पान म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजू. मधोमध मूळ मजकूर, एका कडेला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडिताची टीका, दुसऱ्या कडेला त्याच्या नंतरच्यांचे आक्षेप. १९२३ मध्ये व्हिएन्नाच्या एका मोठ्या सभेत मेईर शापिरो या पोलंडमधल्या तरुण धर्मगुरूनं सुचवलं की जगभरच्या यहुद्यांनी रोज एकच पान वाचावं. सगळ्यांनी तेच पान, त्याच दिवशी. म्हणजे कुणी बोटीवरून एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तरी तिथल्या अनोळखी माणसाशी आजच्या पानावर बोलू शकेल. त्याच वर्षी सप्टेंबरात, त्यांच्या नववर्षाच्या दिवशी, पहिलं पान उघडलं. शापिरो १९३३ मध्ये ऐन चाळिशीत वारले. पोलंडचे यहुदी पुढे कसे संपवले गेले ते तुम्हाला माहीत आहे. पण वाचन थांबलं नाही. आता चौदावं आवर्तन चालू आहे.

एक प्रकरण संपलं की त्या वेळी म्हणायच्या प्रार्थनेला ‘हद्रान’ म्हणतात. अर्थ साधारण ‘आम्ही परत येऊ’ असा. आणि संपवल्या संपवल्या पुढचं प्रकरण उघडायचं, मध्ये रिकामा दिवस नाही. आपण पूजा झाल्यावर विसर्जन म्हणतो, त्याची मला गंमतीनं आठवण झाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा त्यांचं ‘शब्बाथ’ नावाचं प्रकरण चालू होतं. शनिवारी काय काम करायचं नाही याची एकोणचाळीस कामांची यादी त्यात आहे. नांगरणं, पेरणं, दळणं, कणीक मळणं, भाजणं, सूत कातणं, शिवणं. ही मैत्रीण मला रात्री फोनवर सांगायची, ‘आज दिव्याचं पान होतं.’ शुक्रवारी संध्याकाळी जो दिवा लावायचा त्याला कुठली वात चालते, कुठली नाही, कुठलं तेल वापरावं, कुठलं नको, यावर पानंच्या पानं वाद! मला तेव्हा घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे दिवा उघडा ठेवावा की काचेआड, पतंग जळतात त्याचं काय, यावर बस्तीत तासभर बोलणं झालेलं मी ऐकलंय. फरक एवढाच की आपलं बोलणं पायरीवर चप्पल घालेपर्यंत टिकतं. त्यांनी ते लिहून ठेवलं, कोण काय म्हणाला त्या नावांसकट, हरलेल्या बाजूचं मतसुद्धा.

आता बेने इस्राएलांविषयी. हे आपलेच कोकणातले लोक, पण आपल्याला फारसे माहीत नाहीत. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. ग्रंथ पाण्यात गेले. पुढे कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शेकडो वर्षं त्यांच्याकडे एकही ग्रंथ नव्हता. राहिला होता तो शनिवार, सुंता, एक मुख्य प्रार्थना, आणि स्वयंपाकघर. सणांची मूळ नावंसुद्धा गेली होती. मग त्यांनी काय नावं दिली? खिरीचा सण. बिरड्याचा सण. (बिरडं म्हणजे मोड आणून सोललेले वाल. आपल्यात मोडाची कडधान्यं काहीजणी वर्ज्य करतात, ते वेगळं.) नावं बायकांनीच ठेवली असणार, मला तरी दुसरी शक्यता दिसत नाही.

मग दावीद राहबी नावाचा एक यहुदी परदेशी कोकणात आला. गोष्ट माशांची आहे, पण नाक मुरडू नका. हे लोक खरंच यहुदी आहेत का हे पाहायला त्यानं बायकांपुढे मिसळलेले मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले, ‘हे आम्ही खात नाही’ म्हणाल्या. त्यांच्या शास्त्रातला नियम नेमका तोच. परीक्षा बायकांनी दिली आणि उत्तीर्ण झाल्या त्या बायकाच.

त्यानंतर राहबीनं शिकवायला मात्र तीन पुरुष निवडले.

मला ही गोष्ट ऐकल्यापासून ते एक वाक्य टोचतं. सगळ्या समाजाचा धर्म ज्यांच्या हातानं टिकला, त्यांना ‘का’ सांगायची गरज कुणाला वाटली नाही. आपलंही हेच आहे, आणि हे मी आपल्या समाजावर प्रेम आहे म्हणून लिहिते. बटाटा नाही, कांदा नाही, रात्री जेवण नाही, पाणी गाळायचं, जीवाणी जिथलं तिथं सोडायचं, चातुर्मासात पालेभाजी नाही, हे सगळं आपण करतो. बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये करतो, परदेशी गेलेल्या लेकी तिथे करतात. माझी पुतणी पुण्यात नोकरीला आहे. तिच्या मैत्रिणीनं विचारलं, ‘गाजर का नाही?’ तर ती म्हणाली, ‘आमच्यात चालत नाही.’ अनंतकाय जीव म्हणजे काय, हे तिला सांगता आलं नाही. तिच्या आईलाही आलं नसतं. मला २०१९ साली आलं असतं का? अर्धवट.

बेने इस्राएलांना ग्रंथ परत कसे मिळाले तेही पाहण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिकलेले यहुदी आले, त्यांनी प्रार्थना शिकवल्या. मिशनऱ्यांनी जुना करार मराठीत आणला. हेतू अर्थात धर्मांतराचा होता, पण ते मराठी वाचून हे लोक उलट आपल्या धर्मात पक्के झाले. १८४६ मध्ये मुंबईत त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठीसह छापली गेली. १८७४ ला पुण्यात छापलेल्या पोथीत चित्रं आहेत, त्यात साडी नेसलेल्या बायका बसून बिनखमिराच्या भाकरी करताना दाखवल्या आहेत. पुढे तर आपल्या हरिदासांसारखी त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्यावर मराठीत कीर्तनं केली. म्हणजे भाषा आपली असली की ग्रंथ घरात उतरतो.

आपल्याकडे ग्रंथ कधी समुद्रात बुडाले नाहीत. आपल्याकडे ते कुलुपात गेले. धवला-जयधवलाच्या ताडपत्री मूडबिद्रीला कित्येक शतकं नुसत्या दर्शनाला ठेवलेल्या होत्या. यात्रेकरू जायचे, हात जोडायचे, यायचे. त्या छापायला सुरुवात झाली १९३९ मध्ये, डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीत केली, सोळा खंडांना जवळजवळ वीस वर्षं लागली. माझं माहेर फलटणचं. मूळ ताडपत्रांना कीड लागतेय हे कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेनं ते आगम तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले गेले आणि आमच्या फलटणला जतन केले गेले. लहानपणी आजोबा मोठ्या अभिमानानं सांगायचे, ‘आता हे हजार वर्षं टिकेल.’ टिकेल, खरंच. तांब्याला कीड लागत नाही. पण मी आजोबांना कधी विचारलं नाही की त्यात लिहिलंय काय, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

आपल्या बायकांनी यात काहीच केलं नाही असंही नाही. दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या, छापखाना नसताना. सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहांनी षट्खंडागमाच्या संपादनाचं काम केलं, जे करायला मोठमोठे पंडित बिचकतील. आणि आदिनाथ भगवंतांनी लिपी पहिल्यांदा शिकवली ती ब्राह्मीला, अंक शिकवले सुंदरीला. मुलींना. हे आपण प्रत्येक महिला मेळाव्यात ऐकतो आणि टाळ्या वाजवून नाश्त्याला जातो.

‘बायकांनी अर्थ करत बसू नये, पाठ म्हणावा, पुण्य लागतं’ असं मला एका वयस्कर गृहस्थांनी बस्तीत सांगितलं. मी उलट बोलले नाही. घरी येऊन तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय काढला. स्वाध्याय हे अंतरंग तप आहे आणि त्याचे पाच प्रकार तिथे सांगितलेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे वाचणं, विचारणं, चिंतन करणं, घोकणं, सांगणं. यातलं घोकणं आपण करतो. सांगणं महाराज आणि पंडित करतात. वाचणं थोड्याजणी. विचारणं आणि चिंतन करणं कुणाकडे आहे? ‘शंका घेऊ नये, सम्यक्त्वाला दोष लागतो’ असं सांगून आपल्याला गप्प बसवलं जातं. पण शंका हा दोष वेगळा आणि पृच्छना हे तप वेगळं. दोन्ही त्याच ग्रंथात आहेत. जिनवचनावर अविश्वास म्हणजे शंका. कळावं म्हणून विचारणं हे तप. राजा श्रेणिकानं साठ हजार प्रश्न विचारले म्हणून आपली पुराणं झाली. तो गप्प बसला असता तर?

यहुद्यांकडेही हे सोपं नव्हतं. मुलीला शास्त्र शिकवू नये असं एका पंडिताचं मत त्यांच्या ग्रंथात आहे, आणि शिकवलंच पाहिजे असं दुसऱ्याचं मत तिथेच शेजारी आहे. शेकडो वर्षं पहिलं मत चाललं. मग १९१७ मध्ये पोलंडच्या क्राकोव शहरात सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईनं मुलींची धर्मशाळा सुरू केली. आणि जानेवारी २०२० मध्ये, तेरावं आवर्तन संपल्यावर, जेरुसलेममध्ये तीन हजारांहून अधिक बायका जमल्या, बायकांच्या वाचनाचा समारोप करायला. मिशेल कोहेन फार्बर या शिक्षिका बायकांना रोज पान शिकवत होत्या, त्यांच्या पुढाकारानं. माझी मैत्रीण त्या सभेची दृश्यं पाहून दुसऱ्या दिवसापासून बसली.

आता काहीजणी म्हणतील, मांसाहारी लोकांकडून आपण काय शिकायचं? अनेकान्ताचं नाव मी इथे घेणार नाही, ते प्रत्येक भाषणात घेऊन घेऊन गुळगुळीत झालंय. त्यांच्याकडून तत्त्व घ्यायचं नाहीच. सवय घ्यायची. शेजारणीचा पाटा आणला म्हणून तिची चटणी आणावी लागत नाही. आणि त्या देशाच्या युद्धाबद्दल माझं आणि मैत्रिणीचं पटत नाही. मध्ये काही महिने आम्ही बोललोही नाही. नंतर तिनंच फोन केला.

आमच्या सांगलीतल्या गटाचं सांगते. तत्त्वार्थसूत्राची सूत्रं आपल्या परंपरेत ३५७. दिवसाला एक धरलं तर जवळपास वर्ष. तिथीनं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे श्रुतपंचमी ते श्रुतपंचमी तीन सूत्रं उरतात, ती दोन-दोन घेऊन बसवता येतात. अधिक मास आला तर उलट दिवस उरतात. हा हिशेब मी किराणा मालाच्या वहीमागे केला. २०२४ च्या श्रुतपंचमीला आम्ही बाराजणी सुरू झालो. रोज दुपारी अडीच ते तीन. एकीनं सूत्र म्हणायचं, दुसरीनं मराठी टीका वाचायची, आणि कुणीतरी एक प्रश्न विचारायचाच. उत्तर आलं नाही तरी चालेल, वहीत लिहायचा.

तीन महिन्यांनी बुडालो. कधी, माहितीय? दशलक्षण पर्वात! अभिषेक, उपवास, पाळणे, पाहुणे, रोज संध्याकाळचे कार्यक्रम. बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय म्हटला जात होता आणि आमचं रोजचं एक सूत्र राहून जात होतं. त्यात नेमका तिसरा अध्याय लागलेला. जंबूद्वीप, हिमवान, महाहिमवान, निषध, सरोवरं, नद्या. सातजणी गळल्या. मी मैत्रिणीला म्हटलं, ‘आता मागचं सगळं भरून काढायला हवं, कधी होणार?’ ती म्हणाली, ‘अगं, भरायला जाऊ नकोस, तिथेच बुडशील. आजचं पान उघड. राहिलेलं पुढच्या फेरीत येईल.’ आम्ही तसं केलं. पाचजणींनी पहिली फेरी भोकांसकट पुरी केली.

एक अवघड विषय आहे तो टाळत नाही. अडचणीच्या चार दिवसांत आपण ग्रंथाला शिवत नाही. यहुद्यांत धर्मवचनांना अशौच लागत नाही असं जुनं मत आहे, त्यांच्या बायका त्या दिवसांतही पान वाचतात. आमच्यात यावर वाद झाला. फोनवरचं सूत्र म्हणजे ग्रंथ का? एक काकू म्हणाल्या, ऐकायचंही नाही, आणि गट सोडून गेल्या. त्यांचा राग मला समजतो. मी स्वतः ग्रंथाला हात लावत नाही, आत्याबाईंना दुखवून मला स्वाध्याय करायचा नाही. पण रोजची साखळी दर महिन्याला चार दिवस तुटली तर ती साखळी कसली? शेवटी आम्ही असं ठरवलं की त्या दिवसांत जी बाजूला असेल, तिनं मागच्या सूत्रांवर मनात चिंतन करायचं आणि परत आल्यावर प्रश्न आणायचा. चिंतनाला कुणाची हरकत नव्हती. खरं सांगते, वहीतले सगळ्यांत चांगले प्रश्न त्या चार दिवसांतून आलेले आहेत. कॉलेजात जाणारी एक मुलगी येते, तिनं स्त्रीमुक्तीबद्दल विचारलं. दिगंबर-श्वेतांबर मतभेद नुसता सांगून तिचं समाधान झालं नाही, माझंही नाही. प्रश्न वहीत आहे. तिला कुणी ‘गप्प बस’ म्हटलं नाही, एवढं मात्र झालं.

यंदा आम्ही नऊजणी आहोत. दशलक्षण पर्वातही दोनच दिवस चुकले. आत्याबाई पंचाऐंशीच्या आहेत, डोळ्यांना दिसत नाही, पण आतल्या खोलीतून कान देऊन असतात. पाचव्या अध्यायात परमाणूवर बोलणं चाललं होतं तेव्हा आतून ओरडल्या, ‘मग भाजी चिरताना काय होतं ते विचार की!’ विचारलं. त्यावर तीन दिवस गेले, नऊ बायका आणि चिरायची भाजी, दुसरं काय होणार. ते न कापलेलं पुस्तक मी सुरीनं कापलं, निम्मं झालंय. एकदम सगळं कापत नाही, जेवढं वाचायचं तेवढंच.

पौष लागला आहे. पाचवा अध्याय शनिवारी संपतोय, रविवारी सहावा उघडतो, सत्तावीस सूत्रांचा, आस्रवाचा. ज्यांना यायचंय त्यांनी आधीचे पाच वाचले नाहीत म्हणून थांबू नका. दुपारी अडीचला, घरचं आवरून. चहा आम्ही देत नाही, कारण चहा आला की अर्धा तास त्यातच जातो.